मॅडमचं नाव मी पुढे घेतलं

सगळ्यात आधी मॅडम, मग बाकीचं सगळं. मला इंग्रजी वाचायला त्यांनी शिकवलं, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनी भरायला लावला, आणि माझ्या हातून जे झालं ते झाल्यावरसुद्धा माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसायचं त्यांनी सोडलं नाही. त्यांच्यानंतर आमचे दुकानदार, ज्यांना सगळं गिऱ्हाईक दादा म्हणतं. आठवी शिकलेल्या बाईला त्यांनी कॉम्प्युटरपुढे बसवलं. दोघांचीही नावं मी इथे घालत नाही. नाव कुठे घालायचं आणि कुणाच्या आधी, कुणाच्या मागे, या एका गोष्टीनं माझी इतकी फजिती केलीय की परवा घराच्या दाराची पाटी करायची होती, तर तीसुद्धा मी नवऱ्याला लिहायला लावली.

मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याला जायचे एसटीनं. एक वर्ष गेले, मग सकाळची गाडी बंद झाली आणि तिच्याबरोबर माझी शाळा. पुढे लग्न होऊन कल्याणजवळ शहाडला आले. इथे आल्यावर मला एकच धास्ती असायची, की कुणी विचारेल, किती शिकलात? आणि विचारायचेच. पाणी भरताना विचारायचे, रेशनच्या रांगेत विचारायचे. मी आठवी म्हणाले की समोरची बाई "असू दे" म्हणायची. त्या "असू दे"चा मला फार राग यायचा.

दादांचं दुकान कल्याण पश्चिमेला. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, स्पायरल बाइंडिंग. ज्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दुकान आहे ती त्यांच्याच घरच्या जमिनीवर उभी आहे. लॅमिनेशनच्या मशीनकडे बोट दाखवून ते सांगतात, "हितं आमचं भाताचं खाचर होतं. माजा बाप हितं चिखलान उभा ऱ्हायचा." कामाला बाई हवी असा कागद काचेवर लावलेला, तो वाचून मी आत गेलेले. "टायपिंग येतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. येत नव्हतं. आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मला थोडं थोडं यायला लागलं होतं.

मॅडम चार गल्ल्या सोडून राहतात. घराणं कल्याणातलं जुनं, बोलणं एकदम पुस्तकासारखं स्वच्छ. ठाण्याला, वर्तकनगरच्या पुढे, एका कॉलेजात शिकवतात. पहिल्यांदा आल्या त्या हाताने लिहिलेल्या नोट्स टाईप करून घ्यायला. सगळं इंग्रजी. मी दोन दिवसांत करून दिलं. त्यांनी तिथेच उभं राहून पानं तपासली आणि मला विचारलं, "तुला हे समजतं का गं?"

"नाही मॅडम. बघून बघून मारते."

"मग एकही चूक कशी नाही?"

"समजत असतं तर झाली असती," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की दादा आतून बघायला आले. त्यानंतर त्या काम घेऊन आल्या की स्टूल ओढून बसायच्या आणि पाच-दहा शब्दांचे अर्थ सांगून जायच्या. पुढे सतरा नंबरचा फॉर्म आणला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. इंग्रजी सुटलं माझं. गणित राहिलं, ते अजून राहिलंय.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मॅडमना कॉलेजात प्राध्यापक पदावर बढती मिळायची होती. इतकी वर्षं शिकवून त्या एक पायरी खालीच होत्या. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. प्राध्यापक झाल्याशिवाय त्यांच्या कॉलेजात स्वतःच्या नावावर मोठा संशोधन प्रकल्प घेता येत नाही, आणि त्यांच्या डोक्यात एक अर्धवट राहिलेलं काम होतं, ते त्या प्रकल्पाशिवाय होणार नव्हतं. म्हणून ही बढती. पगारासाठी नाही, असं त्या म्हणायच्या, आणि मला ते पटायचं, कारण त्यांची एकच पर्स मी पाच वर्षं बघतेय.

बढतीसाठी आयुष्यभर छापून आलेल्या सगळ्या लेखांची यादी द्यायची. लेखाचं नाव, तो ज्या संशोधनाच्या मासिकात आला त्याचं नाव, साल, पानं, लिहिणाऱ्यांची नावं, आणि सायटेशन किती. सायटेशन म्हणजे, दुसऱ्या कुणी आपला लेख लिहिताना मॅडमच्या लेखाचा आधार घेतला आणि तसं खाली नमूद केलं, की एक. शिवाय प्रत्येक लेखाचं पहिलं पान झेरॉक्स करून यादीच्या मागे लावायचं, पुरावा म्हणून. एकोणपन्नास लेख होते. टाईप मी करणार, झेरॉक्स मी, बाइंडिंग मी. इतकं मोठं आणि इतक्या महत्त्वाचं काम आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं.

मॅडमचं काम कसलं, हे मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आपल्या पेशीत एक लांबलचक माळ असते बघ, चारच अक्षरांची. अशा हजारो माळांमध्ये कुठे सारखेपणा आहे ते शोधायचं. डोळ्यांनी शोधता येत नाही, म्हणून त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा. तो मी लिहिते."

"म्हणजे मुला-मुलीच्या कुंडल्या जुळवल्यासारखं?"

"चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त इथे मंगळ नसतो."

यातच सगळी भानगड होती. त्या शिकलेल्या कॉम्प्युटरचं, आणि अर्ध्या आयुष्यापासून काम करतात ते पेशींच्या शास्त्रातलं. फॉर्मवर विषयाचा एकच चौकोन. कॉम्प्युटर लिहिलं तर बघणारे म्हणणार, यातले निम्मे लेख जीवशास्त्राच्या मासिकातले, आम्ही कसे मोजू? जीवशास्त्र लिहिलं तर म्हणणार, बाईंनी कधी परीक्षानळी तरी हातात धरलीय का? आधी एकदा असंच होऊन अर्ज परत आलेला. मी म्हटलं, मॅडम, दोन्ही लिहू, मध्ये तिरकी रेघ मारू. त्या म्हणाल्या, "ऑफिसला तिरकी रेघ चालत नाही."

सायटेशनचं तर विचारूच नका. नेटवर दोन ठिकाणी आकडा बघायचा, आणि दोन्हीकडे आकडे वेगळे. एका ठिकाणी तर मॅडमच्या लेखांत म्हशींच्या रोगांवरचे लेख घुसलेले. त्यांच्याच आडनावाचे, त्याच आद्याक्षरांचे कुणी गृहस्थ दुसऱ्या राज्यात जनावरांचे डॉक्टर होते, आणि त्या साइटनं दोघांना एकच माणूस करून टाकलं होतं. त्या गृहस्थांचे लेख चांगलेच चालत असावेत, कारण त्यांच्यामुळे मॅडमचा आकडा फुगलेला.

दादा मागून बघत होते. "ऱ्हाऊ द्या ना मॅडम. वाढलेलंच दिसतंय, कमी तं नाय झालेलं. कोन बगतंय म्हशी का मानसा?"

"दादा, मी आयुष्यात म्हैस जवळून बघितलेली नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "काढ गं सगळे. एकेक बघून काढ."

दोन दुपारी त्यात गेल्या. एकेक लेख उघडायचा, म्हशीचा असला की काढायचा. आकडा खाली खाली यायला लागला तशी मीच हळू काढायला लागले. पण त्या शांत. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे ज्या माणसांनी त्यांच्यावर खोटेपणाचा आळ घेतला, त्यांनी त्या दोन दुपारी आमच्या दुकानात यायला पाहिजे होतं.

यादी टाईप झाली. मॅडमनी दोनदा तपासली, साल, पानं, नावं, सगळं. दुरुस्त्या केल्या. मग म्हणाल्या, "आता फक्त माझं नाव सगळीकडे ठळक कर, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. मी तीन वाजता येते, सह्या करते आणि तशीच ठाण्याला जाते. आज शेवटचा दिवस आहे."

त्या गेल्या आणि मी नाव ठळक करायला बसले.

इथे मला आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगावी लागेल. लग्नपत्रिका हे आमचं मोठं काम. आणि पत्रिकेत मजकुरापेक्षा नावांचा क्रम अवघड. मी नवीन होते तेव्हा एका पत्रिकेत नवरदेवाच्या थोरल्या काकांचं नाव धाकट्या काकांच्या खाली गेलं. थोरले काका दुकानात आले, पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर आपटला, आणि म्हणाले, आम्ही लग्नाला येत नाही. सगळं परत छापलं. त्या दिवशी दादा मला म्हणाले, "ऐक गो बाय. ज्याचं कार्य त्याचं नाव वर. मग मानाची मानसा. मग बाकीचं. मानपान चुकला तं ती पत्रिका नाय, भांडनाचं आवतन हाय." हे मी मनावर कोरून घेतलं. त्यानंतर आजतागायत माझ्या एकाही पत्रिकेवरून भांडण झालेलं नाही. घरात कोण मोठं, कोण रुसणारं, हे विचारून घेतल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

तर मी मॅडमचं नाव ठळक करत चाललेले. आतापर्यंत ती नावं मी बघून बघून मारली होती, त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता एकेक नाव शोधायला लागल्यावर कळलं की मॅडम कुठे चौथ्या, कुठे सहाव्या, कुठे तर अगदी शेवटच्या. एकोणपन्नासातले अकरा लेख सोडले तर पहिल्या कुठेच नाहीत. मला कसंतरीच झालं. यादी मॅडमची, कार्य मॅडमचं, आणि नाव मांडवाच्या दाराशी? ठळक केल्यावर तर ते आणखीच डोळ्यांत यायला लागलं. मला वाटलं, हे माझ्याच्यानं झालंय. इंग्रजी कळत नव्हतं तेव्हाच्या सवयीनं जसं समोर आलं तसं मारलं, कुणाचा मान कुठे ते बघितलंच नाही. आणि मॅडम कशाला सांगतील, "माझं नाव वर घे" म्हणून? त्यांचा स्वभावच तो नाही.

मी त्यांचं नाव उचललं आणि पुढे नेऊन ठेवलं. अडतीस लेखांत. प्रत्येक ओळीत पहिलं नाव त्यांचं, ठळक. बाकीची मंडळी मागे. किती छान दिसायला लागली यादी! मला वाटलं, हे आपण त्यांच्यासाठी केलेलं पहिलं काम, जे त्यांनी सांगितलेलं नाही.

रकान्याच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, लेखकांची नावं छापल्याप्रमाणे. ते मला वाचता येत होतं. मी ते वाचलं नाही.

तीन वाजता मॅडम धावतपळत आल्या. काउंटरवर गठ्ठा ठेवला. दादा एकेक पान उलटत होते आणि त्या खाली उजव्या कोपऱ्यात सही करत होत्या. "इथे. इथे. आता इथे." दादांची बोटं सहीच्या जागेवर, मॅडमचे डोळे त्या बोटांवर. वरचा मजकूर त्यांनी दोनदा तपासलेलाच होता. मी बाइंडिंग केलं, त्यांनी पिशवीत घातलं, आणि जाता जाता माझ्या गालाला हात लावला. "सुटलो गं बाई," त्या म्हणाल्या.

समिती दीड महिन्यानं बसली, मॅडमना मुलाखतीला बोलावून. तिथे काय झालं ते मला मॅडमनी नंतर सांगितलं. बाहेरून आलेल्या दोन तज्ज्ञांपैकी एक जण कॉम्प्युटरचे, एक बाई जीवशास्त्राच्या. त्या बाईंनी यादीतला एक लेख बघितला, मागचं झेरॉक्स पान बघितलं आणि पेन्सिलीनं खूण केली. मग दुसरा बघितला. मग त्यांनी सगळेच बघितले. यादीत पहिलं नाव मॅडमचं, छापलेल्या पानावर चौथं. पहिल्या नावाला गुण जास्त मिळतात, बाकीच्यांना कमी. म्हणजे गुणांसाठी फेरफार. आणि प्रत्येक पानावर यांची सही, की वरील माहिती खरी आहे.

मॅडमनी त्यांना दाखवलं की त्याच फाइलमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेला गुणांचा तक्ता आहे, आणि त्यात चौथ्या नावाला चौथ्या नावाचेच गुण धरलेत, एकही जास्त नाही. फसवायचं असतं तर तिथे फसवलं नसतं का? समितीचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही यादी बघतो." मॅडमनी म्हटलं, पुरावाही मीच लावलाय, खोटं लिहून कुणी खऱ्याची झेरॉक्स मागे जोडतं का? ते म्हणाले, "तेच आम्ही तुम्हाला विचारतोय."

यावर माणसानं काय करायचं? मी आजसुद्धा भांडी घासता घासता त्या अध्यक्षांशी भांडते. वाट्टेल ते बोलते. समोर कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम दुकानात आल्या. फाइलची झेरॉक्स काउंटरवर ठेवली, उघडली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आवाज चढलेला नव्हता.

"हे कधी बदललं गं?"

मी बघितलं. काय झालं ते पूर्ण कळलं नव्हतं, पण काहीतरी माझ्यामुळे झालंय एवढं कळलं. आणि तोंडातून निघालं, "फॉन्ट बदलला की होतं मॅडम असं कधी कधी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अगं, मी कॉम्प्युटर शिकवते."

दादा लॅमिनेशन सोडून जवळ आले. मी खाली बघून सगळं सांगितलं. पत्रिकेचं, मानाचं, चौथ्या नंबरचं. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल, पण रडूसुद्धा आलं नाही.

"काय गो," दादा म्हणाले, "लगीन लावत होतीस काय मॅडमचं? त्यांचा मामा कुठं बसवलास? आं?" मग मॅडमकडे वळून, "मॅडम, चूक आमच्या दुकानाची. मी येतो ठान्याला. सांगतो तुमच्या सायबाला. कोन हाय तो?"

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "काल घरी गेल्यापासून मी हाच विचार करत होते," त्या म्हणाल्या, "की मीच दमून असं काही केलं का. स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला होता. तू सांगितलंस, बरं झालं."

मग त्यांनी स्टूल ओढलं. मला वाटलेलं आता त्या कधी त्या स्टुलावर बसणार नाहीत.

समितीच्या फाइलीत खरी यादी जोडायची म्हणून नवी केली, तिला तीन दुपारी लागल्या. या वेळी त्यांनी प्रत्येक लेखाचं छापलेलं पान माझ्यापुढे धरलं आणि नावं मला मोठ्यानं वाचायला लावली. ज्या लेखाला सगळ्यात जास्त सायटेशन मिळालीत, त्यात त्या सात जणांत चौथ्या आहेत. मी हळूच म्हटलं, "प्रोग्रॅम तर तुमचा ना, मॅडम?"

"हो. पण हे पहिलं नाव बघितलंस? ही मुलगी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पेशी वाढवायची. त्या पेशींना दिवसातून तीनदा बघावं लागतं. सुट्टी नाही, आजारपण नाही. दिवाळीला घरी गेली नाही दोन वर्षं. तिची ही आयुष्यातली पहिली ओळ, आणि तू तिला मागे ढकललंस."

मी त्या मुलीच्या नावाकडे बघत बसले. मला नुसती मॅडम दिसलेल्या. बाकीची सहा माणसं माझ्यासाठी पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरांत असतात तसली होती.

"आणि हे शेवटचं नाव?"

"ज्यांची प्रयोगशाळा, ते. जीवशास्त्रात शेवटचा माणूस मोठा. कॉम्प्युटरच्या काही लेखांत मात्र सरळ आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावतात. माझं आडनाव एबीसीडीच्या शेपटाकडचं, म्हणून मी तिथे शेवटची. तिथे शेवटची म्हणजे काहीच नाही. आता जीवशास्त्रवाले तिथलं शेवटचं नाव बघून मला मोठी समजतात, आणि कॉम्प्युटरवाले इथलं चौथं बघून मला कुणीच समजत नाहीत." त्या जराशा हसल्या. "तू एकटीच घोळ घालतेस असं नाही गं. पण आहे तसं ठेवायचं, बाई. आहे तसं."

मध्ये चार वर्षं एकही लेख नव्हता. मी विचारलं, पान राहिलं का? त्या म्हणाल्या, "नाही. आई आजारी होती." आणि पुढचं पान घेतलं.

तयार झालेली यादी ठाण्याला द्यायला मी गेले. बाइंडिंग होईपर्यंत मॅडम तासांना निघून गेलेल्या, आणि मला जायचंच होतं. मनात वाक्यं पाठ करत गेलेले: साहेब, ही चूक माझी आहे, मी टायपिंग करते, मला माहीत नव्हतं. ऑफिसमधल्या क्लार्कनं फाइल घेतली.

"तुम्ही कोण? मॅडमच्या विद्यार्थिनी?"

"नाही. टायपिंगवाली."

"बरं बरं." त्यांनी जुन्या फाइलला नवी जोडली. जोडताना वर एक पत्र दिसलं, खाली मॅडमची सही. मी वाचलं. मला आता वाचता येतं. यादीतील लेखकांचा क्रम चुकीचा गेला आहे, सही करण्यापूर्वी मी तपासायला हवं होतं, याची सर्वस्वी जबाबदारी माझी आहे. दुकानाचा उल्लेख नाही. टायपिंगचा नाही. माझा तर नाहीच.

"साहेब," मी म्हटलं, "हे खरं नाही. मॅडमनी दोनदा तपासलेलं होतं. मी नंतर बदललं. मी लिहून देते."

"तुम्ही लिहून देणार?" क्लार्क चांगले होते, चिडले नाहीत, उलट समजावल्यासारखं बोलले. "ताई, तुम्ही कॉलेजच्या कोण? कुठल्या रकान्यात घालू मी तुम्हाला? अर्ज मॅडमचा, सही मॅडमची. निकाल लागून गेलाय. बढती या वेळेला नाही, पुढच्या समितीपुढे परत अर्ज. आणि सेवापुस्तकात एक ओळ गेलीय, समज दिल्याची."

"कसली समज?"

"चुकीची माहिती सादर केल्याबद्दल."

सेवापुस्तक म्हणजे नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत माणसाचं जे जे झालं ते लिहायचं पुस्तक, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यात मॅडमच्या इतक्या वर्षांत अशी ओळ दुसरी नाही, हेही सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले. समोर मुलं-मुली हसत-खिदळत जात होती. मला माझ्या गावाकडे जायची इतकी इच्छा झाली, जिथे मी कुणाचं चांगलं करायला गेले तरी असं नुकसान करण्याइतकं मला काही येत नव्हतं.

मॅडमना मी विचारलं, "असं का लिहून दिलंत? माझं नाव सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? दादांच्या दुकानाचं नाव खराब झालं असतं, आमच्या कॉलेजातलं दुसरं कुणी तुझ्याकडे आलं नसतं, आणि समिती म्हणाली असती, टायपिंगवालीवर ढकलतात. सही माझी होती गं."

"पण तुम्ही खोटं केलं नव्हतं."

"नव्हतंच."

एवढंच. त्या यावर जास्त बोलत नाहीत, आणि त्या बोलत नाहीत याचाच मला त्रास होतो. एकदा तरी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

या सगळ्याला आता सव्वा वर्ष झालंय. समिती परत बसलेली नाही. आधी तज्ज्ञ मिळत नव्हते, मग निवडणुकीची कामं निघाली, मग फॉर्मच बदलला. नवा फॉर्म ऑनलाइन आहे आणि त्यात विषयाची यादी येते, तिच्यातून एकच निवडायचा. मॅडमचा विषय त्यात नाही. "इतर" निवडलं की पुढचं पान उघडतच नाही. मी तीन वेळा फोन केला, तीन जणांनी तीन उत्तरं दिली. निवृत्तीला आता पावणेतीन वर्षं राहिलीत.

मी दर महिन्याला मॅडमचा आकडा बघते. तो वाढतोच आहे. परवा कुठल्याशा देशातल्या माणसांनी, ज्याचं नाव मला उच्चारता येत नाही, त्या सात जणांच्या लेखाचा आधार घेतला. तिकडे लांब कुणाला तरी मॅडमचा प्रोग्रॅम उपयोगी पडतो, आणि इथे ठाण्यात एक टेबल आहे, त्याच्यापलीकडे तो जात नाही.

मॅडम, तुम्ही हे वाचाल आणि म्हणाल, कशाला लिहिलंस गं. पण समिती बसेल त्या दिवशी मी ठाण्याला येणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी येणार. मला आत घेतलं नाही तर दाराबाहेर उभी राहीन, आणि जो बाहेर येईल त्याला सांगेन की ती अडतीस नावं कुणी हलवली. एकदा नाही ऐकलं तर पुढच्या वेळी सांगेन. तुमच्या सेवापुस्तकातली ती ओळ माझी आहे. ती तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर करून घेईन, तेव्हाच तुमचं मी काहीतरी फेडलं असं म्हणेन. आज नाही जमलं, पण फेडीन.